कंपवात, मूत्रपिंड आणि मंदावणारी बुद्धी

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. हातांचा कंप, पुढे झुकलेली काया, चालताना आपोआप वाढत जाणारा वेग यांचे त्यातील वर्णन इतके नेमके होते, की पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या विकाराला पार्किन्सन यांचेच नाव सुचवले. आपल्याकडे आयुर्वेदाच्या परिभाषेतून आलेला ‘कंपवात’ हा शब्द रुळला आहे. त्या निबंधातील एक विधान मात्र काळाच्या कसोटीवर उतरले नाही. या विकारात ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी अबाधित राहतात, असे पार्किन्सन यांनी नोंदवले होते. सहांपैकी काही रुग्ण त्यांनी केवळ रस्त्याने जाताना पाहिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या या समजुतीचे फारसे आश्चर्य वाटत नाही. स्मृती आणि आकलन यांचा ऱ्हास दुरून दिसत नाही. तो घरातल्या माणसांनाच प्रथम जाणवतो.

हा ऱ्हास विरळा नाही, हे आज निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे नव्याने निदान झालेल्या रुग्णांचा दोन दशके मागोवा घेण्यात आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झाला होता. हे सारे दीर्घकाळ आजार काढलेले, बहुतांशी वयोवृद्ध रुग्ण होते, हे विसरता कामा नये. २०२४ मध्ये अमेरिकेतून आलेल्या निरीक्षणांवरून पहिल्या दहा वर्षांतील प्रमाण पूर्वी समजले जात होते त्याहून कमी असल्याचे दिसते.

परंतु या माहितीचा एक अनपेक्षित दुष्परिणाम होतो. कंपवातात बुद्धी मंदावते हे एकदा कानावर पडले, की रुग्णाच्या वागण्यातील प्रत्येक फरक त्याच खात्यावर जमा केला जातो. आजोबा दोन आठवड्यांपासून असंबद्ध बोलू लागले, आजींना दिवाणखान्यात अनोळखी माणसे बसलेली दिसू लागली, हिशेब चोख ठेवणाऱ्या गृहस्थांना नोटा मोजता येईनाशा झाल्या, तर ‘आजार आता डोक्यात शिरला’ असे म्हणून कुटुंब मनाची तयारी करू लागते. कित्येकदा डॉक्टरही त्यास दुजोरा देतात. वास्तविक अशा रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत तातडीचा बिघाड मेंदूत नसून कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या मूत्रपिंडांत असतो आणि तो पूर्णतः वा अंशतः दुरुस्त होण्याजोगा असतो. तो ओळखला गेला नाही, तर बरा होऊ शकणारा माणूस घरच्यांच्या लेखी कायमचा हरवतो. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

मेंदू आणि मूत्रपिंड यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून जेमतेम पाव ते तीनशे ग्रॅम भरते, तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. मेंदूचेही असेच आहे. आकाराच्या मानाने कितीतरी अधिक रक्त त्याला अहोरात्र लागते. त्यामुळे दोन्ही अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या सतत मोठा प्रवाह आणि मोठा दाब सोसत असतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब या वाहिन्यांना हळूहळू जाड व निरुंद करतात. लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन पाझरू लागते, त्या सुमारास मेंदूतील तशाच वाहिन्याही क्षीण होऊ लागल्या असण्याची शक्यता असते. अमेरिकेत तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून २००८ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेल्यावर पुढील प्रत्येक १० मिलिलिटरच्या घटीबरोबर आकलनदोष आढळण्याची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होती. ही पाहणी सर्वसाधारण लोकांची होती. ज्याच्या मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी आधीच मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या आहेत, त्या कंपवाताच्या रुग्णापाशी हा जादा भार पेलण्यासाठी शिल्लक फार थोडी असते.

याहून खोलवरचा काही संबंध आहे का, याचाही शोध सुरू आहे. कंपवातात मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात. हे प्रथिन रक्तातही असते. चीनमधील वुहान येथील संशोधकांनी २०२५ मध्ये असे मांडले, की निरोगी मूत्रपिंडे रक्तातील हे प्रथिन काढून टाकतात, परंतु ती निकामी झाल्यास ते तेथेच साचते. उंदरांवरील प्रयोगांत ते मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचल्याचे त्यांना दिसले. कल्पना विलक्षण आहे, पण प्रयोग उंदरांवरील आहेत आणि त्यावरून आज कोणाचे उपचार बदलावेत अशी स्थिती नाही. या क्षेत्रात उत्साहाला आवर घालणारे एक उदाहरण ताजेच आहे. रक्तात यूरिक आम्ल अधिक असणाऱ्यांमध्ये कंपवात कमी आढळतो व सावकाश वाढतो, असे अनेक पाहण्यांतून दिसले होते. म्हणून अमेरिकेत इनोसिन देऊन ते मुद्दाम वाढवून पाहण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोगाची गती तसूभरही कमी झाली नाही. मूतखडे मात्र वाढले. दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मूत्रपिंड आणि स्मृतिभ्रंश यांच्या नात्यासही हाच सावधपणा लागू आहे. वय, मधुमेह आणि रक्तदाब ही दोहोंची समाईक कारणे असू शकतात.

तेव्हा सिद्धान्ताची चर्चा येथे थांबवून, ज्याविषयी शंका नाही आणि ज्यावर आजच काही करता येते, अशा औषधांच्या प्रश्नाकडे वळू.

आपण घेतलेली गोळी काम झाल्यावर शरीराबाहेर जावी लागते. काही औषधांचे विघटन यकृतात होते, काही जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर टाकली जातात. कंपवाताच्या उपचारातील मुख्य औषध लेव्होडोपा या दृष्टीने पुष्कळसे निर्धोक आहे. मूत्रपिंडे दुबळी असली तरी त्याची मात्रा सहसा बदलावी लागत नाही. प्रॅमिपेक्झोल आणि अमॅन्टाडीन या सर्रास दिल्या जाणाऱ्या दोन औषधांची गोष्ट निराळी आहे. प्रॅमिपेक्झोलचा सुमारे ९० टक्के भाग लघवीवाटे अपरिवर्तित बाहेर पडतो. गाळण्याची क्षमता निम्म्यावर आली, की दिवसातून तीनदा घ्यावयाची साधी गोळी दोनदा आणि त्याहून खाली गेल्यास एकदाच द्यावी लागते. अमॅन्टाडीनचे तर याहून कठीण आहे. धडधाकट माणसाच्या शरीरातून त्याचा निम्मा अंश साधारण सोळा-सतरा तासांत निघून जातो. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णात त्यालाच सुमारे आठ दिवस लागतात आणि डायलिसिसनेही ते फारसे बाहेर निघत नाही. रोज दोन गोळ्या घेणाऱ्या अशा माणसाच्या शरीरात पंधरवड्यात किती साठा होईल, याचा हिशेब करण्यासाठी वैद्यकशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही.

साठलेल्या या औषधाची लक्षणे कोणती? भास होणे, संभ्रम, झोपेचे चक्र उलटे होणे, बडबड, अंगाला एकाएकी झटके बसणे. पुष्कळ कुटुंबे ज्याला ‘आजार डोक्यात शिरला’ म्हणतात, त्याचेच हे चित्र आहे. आणि गोळीची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांची काही चूक झालेली असेलच असे नाही. चार वर्षांपूर्वी लिहिलेली मात्रा त्या वेळी योग्यच होती. मधल्या काळात मूत्रपिंडे थकली आणि चिठ्ठी तीच राहिली.

कंपवाताशी संबंध नसलेली काही औषधेही येथे भर घालतात. पाठदुखी वा पायांच्या मुंग्यांसाठी दिलेले प्रीगॅबालिन व गॅबापेन्टिन, स्नायूंच्या ताठरपणासाठीचे बॅक्लोफेन, ही सारी मूत्रपिंडांवाटे जाणारी असून साचल्यास गुंगी आणतात. दुबळ्या मूत्रपिंडांच्या माणसाला बॅक्लोफेनच्या थोड्या गोळ्यांनीही बेशुद्धीपर्यंत नेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत. मूत्रपिंडांचा दोष नसतानाही बुद्धीवर मळभ आणणारा आणखी एक गट आहे. कंप थांबवण्यासाठीचे ट्रायहेक्सीफेनिडिल आणि लघवीची घाई कमी करण्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन ही दोन्ही वृद्धांच्या स्मृतीस मारक ठरतात. उलटी किंवा ‘गॅस’साठी दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड व लेव्होसल्पिराइड ही औषधे तर डोपामिनलाच अडवतात. लेव्होसल्पिराइड आपल्याकडे आम्लपित्ताच्या गोळीत मिसळलेले असते आणि ती गोळी महिनोन्‌महिने घेतली जाते. कंपवाताच्या रुग्णाने एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत करण्याचा हा प्रकार आहे.

आता प्रश्न असा, की मूत्रपिंडे थकली आहेत हे कळावे कसे? ‘क्रिएटिनिन तपासले, नॉर्मल आहे’ हे उत्तर बहुतेक नातेवाईक देतात आणि तपासणीच्या कागदावर तसे छापलेलेही असते. फसगत नेमकी येथेच होते. क्रिएटिनिन हे स्नायूंच्या झिजेतून तयार होते. ज्याच्या अंगावर स्नायू कमी, त्याच्या रक्तात ते मुळातच कमी उतरते. कंपवाताचा वृद्ध रुग्ण बहुधा कृश असतो. गिळण्याचा त्रास, मंदावलेली हालचाल आणि सततचा कंप यांमुळे त्याचे वजन घटत असते. त्याच्या क्रिएटिनिनच्या आकड्याला तरुण माणसाच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. वयाने, वजनाने आणि क्रिएटिनिनने गाळण्याची क्षमता काढण्याचे एक जुने सूत्र कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये दिले. औषधांची मात्रा ठरवण्यासाठी ते आजही वापरतात. १४० मधून वय वजा करावे, त्यास किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास आलेल्या उत्तराचे ८५ टक्के धरावेत. समजा, एका पंचेचाळीस वर्षांच्या, ७५ किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ आहे. त्याची क्षमता मिनिटाला ९० मिलिलिटर येते, म्हणजे उत्तम. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिनही १.१ च आहे. त्यांची क्षमता येते जेमतेम ३०. दोघांच्याही कागदावर ‘नॉर्मल’ हा एकच शब्द छापला जाईल. पहिल्याला जी मात्रा सुरक्षित, तीच आजींच्या शरीरात साचत जाईल. अलीकडे अनेक प्रयोगशाळा २०२१ च्या नव्या सूत्राने काढलेला अंदाजही कागदावर देतात. त्या सूत्रानुसार आजींचा आकडा ५३ च्या आसपास येतो, कारण त्यात वजन धरलेले नसते. म्हणजे आकडा छापलेला असला, तरी समोर बसलेल्या माणसाचे वजन करून तो पुन्हा वाचावा लागतो. शंका राहिल्यास सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी उपयोगी पडते. ती महाग आहे आणि प्रत्येकास लागत नाही.

दीर्घकालीन दौर्बल्याखेरीज मूत्रपिंडांना अचानक बसणारे धक्केही असतात आणि कंपवाताच्या रुग्णाच्या घरात त्यांना आमंत्रण देणाऱ्या गोष्टी रोजच्याच असतात. त्यांत पहिले स्थान पाण्याचे. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, उठताना तोल जातो, कोणाला हाक मारायची म्हणजे संकोच. म्हणून अनेक रुग्ण दुपारी चारनंतर पाणीच वर्ज्य करतात. काहींना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो. वयोमानाने तहानेची जाणीवही मंदावलेली असते. मार्च ते मे या महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात, आणि खरे तर कोठेही, एवढे कारण मूत्रपिंडांची क्षमता काही दिवसांत खाली आणण्यास पुरेसे होते. त्यातच पाण्याच्या अभावी बद्धकोष्ठता वाढते आणि तिच्यामुळे लेव्होडोपाचे शोषण बिघडते. पुरेसे पाणी सकाळपासून दुपारपर्यंत विभागून घेणे, ठसका लागत असल्यास ते दाट करून घेणे, हा त्यावरचा साधा मार्ग आहे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा प्रगत विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुसरा धक्का वेदनाशामक गोळ्यांचा. खांदा आखडणे हे कंपवाताचे फार लवकर दिसणारे लक्षण आहे. निदान होण्यापूर्वी कित्येक महिने रुग्ण ‘फ्रोजन शोल्डर’ समजून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असतो आणि निदानानंतरही ती सवय सुटत नाही. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात. रक्तदाबाची ठरावीक औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असेल, तर हा परिणाम कितीतरी पटींनी घातक होतो. काही घरांत जोडीला शिसे वा पारा असलेली भस्मे दिली जातात. तेही मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते. खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण हा निराळा विषय आहे. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतो. म्हणूनच ते डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीने घेतल्यास मात्रा नकळत वाढते आणि भास होऊ लागतात.

तिसरी गोष्ट मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची. कंपवातात मूत्राशय नीट रिकामे होत नाही. पुरुषांमध्ये त्यात वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीची भर पडते. वृद्धांमध्ये अशा संसर्गात ताप वा जळजळ असेलच असे नाही. कधीकधी एकाएकी आलेला संभ्रम हेच एकमेव लक्षण असते.

घरच्यांनी कशावरून ओळखावे? काळ हे सर्वांत चांगले गमक आहे. कंपवाताचा स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, बहुधा वर्षांच्या हिशेबाने वाढतो. काल-परवापर्यंत वर्तमानपत्र वाचणारा माणूस आठवड्याभरात घरातल्यांना ओळखेनासा झाला, दिवसा झोपू लागला, सकाळी ठीक आणि संध्याकाळी बेभान असे होऊ लागले, तर ते आजाराचे स्वाभाविक पाऊल समजून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. मूत्रपिंड, सोडियम, साखर आणि लघवी यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. येथे एक आग्रहाची विनंती आहे. तातडीच्या विभागात पोहोचताच रुग्णास पार्किन्सन्स असल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे. संभ्रमित रुग्णाला शांत करण्यासाठी सामान्यतः दिले जाणारे हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन या रुग्णांना अक्षरशः लाकडासारखे ताठ करू शकते. तसेच, हा लेख वाचून कोणीही अमॅन्टाडीन, प्रॅमिपेक्झोल किंवा लेव्होडोपा आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ही औषधे अचानक थांबवल्यास तीव्र ताप, ताठरपणा आणि बेशुद्धी असा जिवावर बेतणारा प्रसंग ओढवतो. मात्रा कमी करण्याचा क्रम डॉक्टरांनीच ठरवावयाचा असतो.

देणगीदारांपुढे एक विचार ठेवण्याची मुभा घेतो. रुग्णालयास यंत्रे लाभतात, त्यांवर दात्यांची नावे कोरली जातात आणि ती कोरली जावीत हे योग्यच आहे. परंतु वर सांगितलेल्या कामासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक अचूक वजनकाटा, रक्ताची एक स्वस्त तपासणी आणि प्रत्येक रुग्णाच्या सर्व गोळ्या टेबलावर ओतून त्या एकेक करून पाहणारा, पंधरा-वीस मिनिटे सवड असलेला प्रशिक्षित माणूस. या माणसाच्या वेळेवर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून तो मिळणे सर्वांत कठीण असते. मेंदूच्या एमआरआयला जो खर्च येतो, त्याच्या अल्पांशात हे काम होते. अनेक रुग्णांच्या बाबतीत एमआरआयआधी ते होणे आवश्यक असते.

सर्वच रुग्ण अशा तपासणीने पूर्ववत होतील, असा भ्रम निर्माण करण्याचा हेतू नाही. औषधे सुधारली, पाणी भरून काढले, संसर्ग बरा केला, तरी काहींची स्मृती परत येत नाही, कारण तिच्यामागे खरोखरच कंपवाताचा स्मृतिभ्रंश उभा असतो. पुष्कळांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात. वरचा थर निघून जातो आणि खालचा राहतो. त्यांच्यासाठी रिव्हास्टिग्मिन हे औषध आहे. कंपवाताच्या स्मृतिभ्रंशावरील त्याचा उपयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आला. तो माफक आहे, पण काही घरांत त्या माफक फरकाने आजोबा पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागतात. वजन ५० किलोहून कमी असलेल्यांत ते जपून, लहान मात्रेपासून वाढवावे लागते.

बाह्यरुग्ण विभागात येताना नातेवाइकांनी चिठ्ठ्यांची फाइल आणावीच. त्यासोबत घरात प्रत्यक्ष घेतल्या जाणाऱ्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे आणि दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके एका पिशवीत घालून आणावीत. मागील दोन-तीन वर्षांतील क्रिएटिनिनचे कागद तारखेनुसार लावलेले असावेत, कारण एका आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलकी असते. वजन येथे केले जाईल. कोणत्या दिवसापासून फरक जाणवू लागला, ती तारीख आठवत असेल तर तेवढी कागदावर लिहून आणावी.